दुर्गम बर्फात स्नोमोबाइल: प्रथमोपचार तयारीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर: उद्देश आणि गृहीतकं

सहा स्वारांच्या गटासाठी हंगामाआधी प्रथमोपचाराची पूर्ण तयारी उभी करायची आहे. सामान कोणतं, ते कुठे ठेवायचं आणि कुणी काय करायचं, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. गृहीत परिस्थिती: तापमान उणे ५ ते उणे २५ अंश सेल्सिअस, मोबाइलला रेंज नाही, मदत पोचायला किमान चार तास. हवा बिघडली किंवा अंधार पडला तर मदत दुसऱ्या दिवशी सकाळी.

चार तास हा आकडा घाबरवण्यासाठी धरलेला नाही. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारगाडी, तासाभरात तीस-चाळीस किलोमीटर आत नेऊन सोडते. तेवढंच अंतर मऊ बर्फातून पायी कापणं धडधाकट माणसाला एका दिवसात जमत नाही. जखमीला घेऊन तर तो विचारच नको. त्यामुळे शहरातल्या रस्त्यावर 'दहा मिनिटं सांभाळा, ॲम्ब्युलन्स येते आहे' या हिशोबाने भरलेली पेटी इथे पुरत नाही.

दोन नियम आजच पक्के केले. पहिला: जे अंगावर नाही ते जवळ नाही असंच धरायचं. गाडी दरीत जाते, हिमस्खलनात गाडली जाते, पेट घेते. कधी स्वार उतारावर खाली पडलेला असतो आणि गाडी शंभर मीटर वर अडकलेली असते. दुसरा: थंडी ही स्वतंत्र इजा धरायची. शरीर थंड झालं की रक्त साकळण्याची क्रिया मंदावते, म्हणजे थंड पडलेला जखमी जास्त रक्त गमावतो. रक्त गेल्यावर शरीर आणखी थंड पडतं. हे चक्र तोडायचं असेल तर संचातलं बरंचसं वजन पट्ट्या-गोळ्यांचं नसून उबेचं असणार, हे आधीच मान्य करावं लागेल.

९ ऑक्टोबर: कोणत्या इजा धरायच्या

सामानाची यादी करण्याआधी इजांची यादी केली. क्रम शक्यतेचा नाही, जीव किती लवकर जाऊ शकतो याचा आहे.

हिमस्खलनाखाली गुदमरणं. झाडाभोवतीच्या बर्फाच्या खड्ड्यात डोकं खाली होऊन अडकणं, यातही मृत्यू गुदमरूनच होतो. झाडावर किंवा खडकावर आदळून छाती, पोट आणि डोक्याला मार. हँडलचा दांडा पोटात घुसून आतला रक्तस्राव, ज्यात बाहेर साधं खरचटलेलंही दिसत नाही. मांडीचं हाड आणि कंबरेचा हाडांचा सांगाडा, म्हणजे पेल्विस, मोडणं. पाय गाडीच्या फळीवरून घसरून बर्फात अडकतो आणि गाडी पुढे जाते, तेव्हा गुडघा आणि नडगी. ट्रॅकमध्ये, म्हणजे गाडी पुढे ढकलणाऱ्या फिरत्या पट्ट्यात, किंवा क्लचच्या पट्ट्यात गेलेली बोटं. सायलेन्सरचा चटका. हिमदंश.

बहुतेक पर्वतीय स्नोमोबाइल कोरड्या वजनातच २०० किलोच्या आसपास असतात. त्यात पेट्रोल, सामान आणि चिकटलेला बर्फ येतो. एवढी गाडी छातीवर आली तर बरगड्या आणि फुप्फुसांचा विचार आधी करायचा, पायाचा नंतर.

प्रत्येक इजेआधी एक पायरी कायमची: वर हिमस्खलनाचा उतार आहे का ते पाहणं, गाडीचा किल स्विच, म्हणजे इंजिन तत्काळ बंद करणारं बटण, दाबणं, पेट्रोल गळतंय का ते तपासणं. दुसरा जखमी तयार झाला तर सहाचा गट चारचा होतो आणि काम दुप्पट.

१५ ऑक्टोबर: अंगावरचा संच

प्रत्येक स्वाराच्या अंगावर सारखाच संच आणि सारख्याच जागी. जखमीवर वापरायचं सामान आधी जखमीच्याच खिशातून काढायचं, कारण वाचवणाऱ्याचं सामान पुढे त्याला स्वतःला लागू शकतं. जागा ठरलेली असली तर दुसऱ्याच्या जॅकेटमध्ये शोधाशोध होत नाही.

टूर्निकेट, म्हणजे हातापायाचा रक्तप्रवाह आवळून थांबवणारा पट्टा, १. छातीवरच्या बाहेरच्या खिशात, दोन्हींपैकी कोणत्याही हाताने पोचेल असा. प्लास्टिकचं वेष्टन काढून, पट्टा वापरण्याच्या अवस्थेत घडी घालून ठेवायचा. हातमोजे घालून वेष्टन फाडण्यात वेळ जातो.

दाबाचं बँडेज, १५ सेंटिमीटर रुंद, १. रक्तस्राव थांबवणारं औषधी गॉज, १ पाकीट. छातीच्या उघड्या जखमेसाठी हवा बाहेर सोडणारी झडप असलेले चिकट सील, दोनची जोडी, कारण एकीकडून घुसलेली फांदी दुसरीकडून बाहेर आलेली असू शकते. तिकोनी बँडेज २. जाड कापड कापणारी बोथट टोकाची कातर १. नायट्रिल हातमोजे २ जोड्या, नेहमीच्यापेक्षा एक माप मोठे, म्हणजे आतल्या पातळ लोकरी हातमोज्यावरून चढतात. हलकी बिव्ही पिशवी, म्हणजे माणूस आत मावेल अशी वारा-ओल अडवणारी पिशवी, १. हेडलॅम्प लिथियम सेलसह. शिट्टी. शिसपेन्सिल आणि पाण्याने न भिजणारं कार्ड. पेनची शाई थंडीत उतरत नाही, म्हणून पेन्सिलच.

हिमस्खलनाचं साहित्य याशिवाय आणि अंगावरच: बीकन, म्हणजे गाडलेल्याचा माग काढणारं सिग्नलचं उपकरण, जॅकेटच्या आत अंगाला बांधलेला, फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, पाठीवरच्या बॅगेत. फावडं गाडीला बांधण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. ती मोडायची. गाडलेल्या गाडीवरच्या फावड्याने कुणालाच खणता येत नाही.

२१ ऑक्टोबर: फ्रीजरची चाचणी

घरगुती डीप फ्रीजर उणे १८ अंशांना चालतो. संपूर्ण संच रात्रभर आत ठेवून सकाळी एकेक वस्तू हातमोजे घालून वापरून पाहिली.

चिकटपट्टी: थंड असताना जवळपास निरुपयोगी, ओल्या त्वचेवर तर अजिबात धरत नाही. आतल्या खिशात वीस मिनिटं ठेवल्यावर पुन्हा चालते. उपाय म्हणजे चिकटपट्टीवर अवलंबून राहायचंच नाही. बांधण्यासाठी तिकोनी बँडेज, स्वतःलाच चिकटणारं लवचीक बँडेज आणि स्की बांधायचे पॉलियुरेथेनचे रबरी पट्टे. हे पट्टे थंडीतही ताणले जातात आणि जाड हातमोज्यांनी बकल लावता येतं. ५० सेंटिमीटरचे आठ घेतले.

छातीचे सील: गोंद कडक झालेला. काखेत धरून गरम केल्यावर आणि कातडी कोरडी पुसल्यावर बसतं. म्हणून सील मधल्या थराच्या खिशात.

सलाइनच्या कुप्या दगड झाल्या. काढून टाकल्या. जखम धुवायला पिण्याचं पाणी वापरायचं आणि तेही फक्त माती-लाकूड आत असेल तर. ओले टिश्यू गोठले. अल्कोहोलचे पॅड ठीक.

अल्युमिनियम आणि फोमची गुंडाळता येणारी स्प्लिंट, म्हणजे मोडलेलं हाड स्थिर धरणारा आधार, सुमारे ९० सेंटिमीटर लांब: थंडीत काही फरक नाही. लांबीच्या दिशेने पन्हळीसारखी वाकवली की ताठ होते, सपाट ठेवली तर वाकते. हे न शिकलेला माणूस तिला कुचकामी ठरवतो.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर: गार बोटांवर वाचनच येत नाही, किंवा चुकीचं येतं. संचात घेतलं नाही. कानाचा थर्मामीटरही थंडीत विश्वासाचा नाही. जखमी किती थंड पडला आहे हे कुडकुडणं आणि शुद्ध यांवरून ठरवायचं.

२४ ऑक्टोबर

गाडीवरच्या बॅगेची जागा पाहिली. मागच्या बोगद्यावर, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या पत्र्यावर, ठेवलेली बॅग खालून कोमट होते, कारण इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या नळ्या तिथेच असतात. वरून बर्फाची धूळ, खालून ऊब, म्हणजे बॅग आधी ओली आणि थांबल्यावर गोठलेली. वर हादरे. सुट्या गोळ्यांची पूड होते, गॉजच्या पाकिटांना घडीवर भोकं पडतात. त्यामुळे सगळं सामान गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत, आत कपड्यांचा भराव. पेट्रोलच्या कॅनशेजारी प्रथमोपचार नाही.

गटाचा संच एका गाडीवर न ठेवता तीन गाड्यांवर वाटला. ऊब एका गाडीवर, स्टोव्ह आणि भांडं दुसरीवर, स्प्लिंट आणि ओढायची घसरगाडी तिसरीवर. तिसरी गाडी गटात सगळ्यात शेवटी चालणार, म्हणजे पुढे अपघात झाला तर ती मागून आपोआप पोचते.

२ नोव्हेंबर: टूर्निकेट जाड कपड्यांवरून

मोकळ्या हातावर सराव करणं सोपं आहे. इथे मांडीवर अस्तराची जाड विजार असते, खिशात मोबाइल किंवा पाना असतो, गुडघ्याला पॅड. पट्ट्याखाली कठीण वस्तू आली तर दाब त्या वस्तूवर पडतो, धमनीवर नाही.

ठरलेली पद्धत: रक्त उसळून येतंय आणि जखम नेमकी कुठे ते दिसत नाही तर कपड्यांवरूनच, खिसे रिकामे करून, मांडीच्या किंवा दंडाच्या जितकं वर जमेल तितकं वर. जखम दिसत असेल तर तिच्यापासून पाच ते सात सेंटिमीटर वर, सांध्यावर कधीच नाही. आधी पट्टा हाताने पूर्ण ओढून ढिलेपणा संपवायचा, मगच कांडी फिरवायची. तीनपेक्षा जास्त वेढे द्यावे लागत असतील तर ढील राहिलेली आहे. कांडी खोबणीत अडकवली की वेळ लिहायची, कार्डावर आणि कपाळावर. रक्त थांबलं नाही तर दुसरा टूर्निकेट पहिल्याच्या लगेच वर. पहिला सोडायचा नाही.

कपड्यांवरून लावलेला टूर्निकेट काही वेळाने ढिला पडतो, कारण आतला फोम दबत जातो. म्हणून पाच मिनिटांनी आणि प्रत्येक हलवाहलवीनंतर पुन्हा पाहायचा.

चार तासांच्या हिशोबात पुढचा प्रश्न येतो. टूर्निकेट दोन तासांपलीकडे राहिला तर अवयवाला धोका वाढत जातो. पहिल्या दोन तासांत, जखमी स्थिर असेल आणि माणसं मोकळी असतील, तर जखमेत गॉज ठासून वर दाबाचं बँडेज बांधायचं आणि टूर्निकेट हळूहळू सैल करून पाहायचा. रक्त परत आलं तर लगेच आवळायचा. अर्धवट तुटलेला अवयव, शॉकमधला, म्हणजे रक्तदाब कोसळलेला, जखमी, किंवा सहा तास उलटून गेलेले असतील तर हात लावायचा नाही. हे काम प्रशिक्षण घेतलेल्या दोघांनीच करायचं. बाकीच्यांनी फक्त वेळ सांगत राहायचं.

गॉज ठासताना वर नुसतं ठेवून काही होत नाही. रक्त येतंय त्या बिंदूपर्यंत बोटाने आत दाबत जायचं आणि जखम भरून वर आली की दोन्ही हातांनी दाब. औषधी गॉज असेल तर तीन मिनिटं, साधं असेल तर किमान दहा. मधेच उचलून पाहिलं तर मोजणी पहिल्यापासून.

सरावासाठी वेगळे टूर्निकेट घेतले आणि त्यांवर लाल रंग लावला. वारंवार वापरलेल्या पट्ट्याची कांडी आणि शिवण थकते. सरावाचा पट्टा खऱ्या संचात जाता कामा नये.

९ नोव्हेंबर: ऊब गुंडाळी

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ दिला.

थर खालून वर: २.५ बाय ३ मीटरची हलकी ताडपत्री. तिच्यावर फोमच्या दोन चटया, बंद पेशींच्या, हवा भरायच्या नव्हेत, कारण हवेची चटई झाडाच्या फांदीने फुटली की उरत नाही. त्यावर स्लीपिंग बॅग, पूर्ण लांबीची चेन असलेली आणि उघडून पसरलेली. मग जखमी. त्याच्या अंगाला लागून बाष्परोधक थर, म्हणजे मोठी प्लास्टिक पिशवी किंवा बिव्ही. शेवटी सगळं ताडपत्रीत गुंडाळून बाजूने वळवून पट्ट्यांनी बंद. चेहरा उघडा, डोक्याला टोपी, मानेभोवती कापड.

जमिनीकडून होणारा उष्णतेचा ऱ्हास लोक विसरतात. वर तीन जॅकेटं घालतात आणि खाली बर्फ. अंगाखाली दबलेलं कापड जवळपास ऊब देत नाही, म्हणून जाडी खाली जास्त हवी. एकच चटई असेल तर ती खाली घालायची. वर पांघरायला नंतर मिळेल.

ओले कपडे काढायचे की नाही हा वाद नेहमी होतो. निवारा नसेल आणि वारा असेल तर काढायचे नाहीत, बाष्परोधक थर घालून ओलावा आत बंद करायचा. निवाऱ्यात असाल, कोरडे कपडे जवळ असतील आणि हाडं सांभाळता येत असतील तर कापून काढायचे. पण कापलेली विजार पुन्हा घालता येत नाही. जखम पाहण्यासाठी शिवणीच्या कडेने झडप कापायची, पाहून झालं की पट्ट्याने बंद.

उष्णतेचे स्रोत: लोखंडाच्या चुऱ्याचे रासायनिक पॅड हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात. हवाबंद पिशवीत बंद केले तर थंड पडतात, आणि लोक ते 'खराब' समजून फेकतात. बाष्परोधक थराच्या बाहेर, स्लीपिंग बॅगेच्या आत, छाती, पाठीचा वरचा भाग आणि काखा इथे ठेवायचे. थेट कातडीवर नाही. थंड पडलेली, रक्तपुरवठा कमी असलेली त्वचा कमी तापमानालाही भाजते आणि जखमीला ते कळत नाही. दर अर्ध्या तासाने कातडी पाहायची. हातात धरायचे छोटे पॅड शरीर गरम करायला फार कमी पडतात, त्यांचा उपयोग बोटांपुरता. मोठ्या आकाराचे सहा घेतले.

कुडकुडणारा, शुद्धीवरचा जखमी स्वतःच उष्णता तयार करतो. त्याला इंधन द्यायचं: गोड, कोमट पेय, नीट गिळता येत असेल आणि पोटाला मार नसेल तरच. कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळू लागलं, तर तो सुधारलेला नाही, खाली चालला आहे. अशा जखमीला आडवाच ठेवायचं, उठवून चालवायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत, हलवताना धक्का द्यायचा नाही. फार थंड पडलेलं हृदय धक्क्याने बिघडू शकतं.

लक्ष्य: रक्तस्राव थांबल्यापासून वीस मिनिटांच्या आत गुंडाळी पूर्ण. चार माणसांनी केली तर शक्य आहे, दोघांनी केली तर नाही, म्हणून दोघांसाठी वेगळा क्रम लिहिला: आधी चटई खाली, मग बिव्ही, मग जे मिळेल ते वर.

१० नोव्हेंबर

स्टोव्ह: द्रव इंधनाचा, कारण गॅसच्या डब्याचा दाब खोल थंडीत पडतो. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी असावं, नाहीतर कोरडा बर्फ तळ करपवतो. भुसभुशीत ताज्या बर्फाच्या दहा लिटर आकारातून साधारण एक लिटर पाणी येतं. एक लिटरच्या कडक प्लास्टिक बाटल्या २, गरम पाणी भरून, मोज्यात घालून काखेत.

चालू इंजिनाजवळ जखमीला ऊब देण्याची कल्पना पुन्हा पुन्हा पुढे येते. बर्फाच्या खड्ड्यात किंवा ताडपत्रीखाली कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही. निवाऱ्याशेजारी इंजिन बंद. स्टोव्हही निवाऱ्याच्या बाहेरच पेटवायचा.

१८ नोव्हेंबर: हाडं

मांडीचं हाड मोडलं तर मांडीच्या आतच एक ते दीड लिटर रक्त साचू शकतं. ओढ देणारी खास स्प्लिंट घ्यायची का, यावर चर्चा झाली. घेतली नाही. पेल्विस किंवा गुडघाही मोडला असेल तर ती चालत नाही, आणि वेगाने झाडावर आदळलेल्या स्वारात या इजा जोडीने येतात. त्याऐवजी मोडलेला पाय चांगल्या पायाला बांधायचा. मधे घडी केलेली चटई किंवा जॅकेट, पट्टे घोट्याला, गुडघ्याच्या खाली, गुडघ्याच्या वर आणि मांडीला. मोडलेल्या जागेवर पट्टा नाही. पाय वाकडा असेल तर लांबीच्या दिशेने हळू ओढत सरळ करायचा. अडलं किंवा वेदना अचानक वाढल्या की तिथेच थांबून आहे तसा बांधायचा.

पेल्विसचा संशय: मोठा आघात, कंबर किंवा जांघेत वेदना, किंवा शुद्ध हरपलेली. दाबून, हलवून पाहायचं नाही. एकदा हलवलं की आत साकळलेलं रक्त सुटतं. पट्टा कंबरेच्या वरच्या हाडांवर नाही, तर खुब्याच्या बाजूला मांडीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो त्या पातळीवर. बाजारात तयार पट्टा मिळतो, एक घेतला. दुसरा लागला तर घडी घातलेलं जॅकेट आणि दोन रबरी पट्टे. पट्टा पाठीखालून घालताना गुडघ्यांच्या मागच्या पोकळीतून सरकवत वर न्यायचा, जखमीला कुशीवर वळवायचं नाही. शेवटी पाय आत वळवून गुडघे आणि पावलं बांधायची.

घोटा आणि नडगी: बूट काढायचा नाही. बूट स्वतःच स्प्लिंट आहे आणि ऊबही. नाडी सैल करायची, बोटं हलतात का, बधिर आहेत का ते विचारत राहायचं. बधिरपणा वाढत असेल तरच काढायचा, आणि मग पाऊल कोरड्या मोज्यात आणि जॅकेटच्या बाहीत.

बरगड्या: छातीला पट्टा आवळायचा नाही, श्वास उथळ होतो. ज्या स्थितीत श्वास सोपा जातो ती स्थिती. छातीत हवा घुसणारी उघडी जखम असेल तर सील. सील लावल्यावर दम वाढत गेला तर एक कड उचलून हवा सुटू द्यायची.

२६ नोव्हेंबर: पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट

शुद्धीवर आहे, श्वास नीट आहे, उलटी नाही: हेल्मेट राहू द्यायचं. व्हायजर वर, हनुवटीचा पट्टा मोकळा. आडवं झोपवल्यावर हेल्मेटची जाडी डोकं पुढे ढकलते, म्हणून खांद्यांखाली तेवढ्याच जाडीचा भराव.

श्वास अडतोय, उलटी होते आहे किंवा छाती दाबायची आहे: काढायचं, आणि दोघांनी. पहिला डोक्याच्या बाजूने हेल्मेट धरून स्थिर ठेवतो. दुसरा चष्मा काढून पट्टा कापतो, एक हात जबड्यावर आणि दुसरा मानेमागून डोक्याच्या मागच्या भागाला आधार देतो. मग पहिला हेल्मेटच्या बाजू फाकवतो, किंचित मागे झुकवून नाकावरून सोडवतो आणि सरळ ओढतो. बाहेर येताक्षणी डोकं मागे पडतं. नवशिक्यांचा हात नेमका तेव्हा सुटतो. त्यामुळे सरावात दुसऱ्याने आधी 'धरलं' म्हणायचं, त्यानंतरच पहिल्याने सोडायचं. लगेच टोपी.

मानेला कडक कॉलर घेतली नाही. बेढब बसणारी कॉलर श्वास अडवते आणि थंडीत कडक होते. दोन्ही बाजूंना कपड्यांचे गठ्ठे आणि 'हलू नकोस' ही सूचना बहुतेक वेळा पुरते. जिथे दुखतं तिथे मान जबरदस्तीने सरळ करायची नाही.

३ डिसेंबर: हिमस्खलन

बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. मोबाइल, रेडिओ, गरम होणारे हातमोजे पाठवण्याच्या अवस्थेत बीकनपासून २० सेंटिमीटर, शोधण्याच्या अवस्थेत ५० सेंटिमीटर दूर. इंजिनाच्या ठिणगीचाही अडथळा येतो. सिग्नल मिळेपर्यंत गाडीने उतार पार करायला हरकत नाही, पण थांबून, इंजिन बंद करून वाचन घ्यायचं. जवळ आल्यावर गाड्या लांब.

प्रोब २५ सेंटिमीटरच्या अंतराने, मध्यापासून चक्राकार. लागला की तिथेच सोडायचा. खणणं प्रोबच्या वरून नाही, उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून आडवं आत. वर उभं राहून खणलं तर गाडलेल्याच्या चेहऱ्यासमोरची हवेची पोकळी ढासळते.

चेहरा मोकळा झाला की तोंडातला बर्फ काढायचा, श्वसनमार्ग बर्फाने बुजलेला होता का ते लक्षात ठेवायचं आणि मदत पथकाला सांगायचं. छातीवरचं ओझं लगेच दूर. श्वास नसेल तर पूर्ण शरीर बाहेर येण्याची वाट न पाहता पाच श्वास द्यायचे, कारण इथे हृदय बहुतेक गुदमरून थांबलेलं असतं. मग ३० दाब, २ श्वास. मऊ बर्फात छाती दाबली की माणूस आत जातो, दाब वाया जातो. पाठीखाली फावड्याचं पातं, फोम आणि घट्ट तुडवलेला बर्फ.

दहा मिनिटांत बाहेर आलेल्यांपैकी बहुतेक वाचतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. म्हणून हे काम गटाचंच. बोलावलेली मदत यासाठी वेळेत पोचत नाही. तासापेक्षा जास्त गाडला गेलेला, पण श्वसनमार्ग मोकळा असलेला माणूस फक्त थंडीने थांबलेला असू शकतो. त्याची नाडी आणि श्वास पूर्ण एक मिनिट तपासायचा, आणि दाबणं सुरू केलं तर थांबायचं नाही.

८ डिसेंबर: औषधं

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, २० गोळ्या. आयबुप्रोफेन २०० मिलिग्रॅम, २० गोळ्या. आतल्या रक्तस्रावाचा किंवा डोक्याला मार लागल्याचा संशय असेल तर आयबुप्रोफेन नाही. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, ४ गोळ्या, छातीत आवळून दुखणाऱ्या प्रौढासाठी चघळायला, मार लागलेल्याला नाही. ग्लुकोज जेल ४. ज्यांना ॲलर्जीची सुई लागते त्यांनी ती अंगाशी ठेवायची, गोठलेली सुई टाकून द्यायची. प्रत्येक स्वाराच्या ॲलर्जी आणि चालू औषधं हेल्मेटच्या आत चिकटवलेल्या कार्डावर. रक्त पातळ करणारी गोळी कोण घेतं हे निघण्यापूर्वी सगळ्यांना माहीत हवं.

हिमदंश: पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचं नाही. निवारा पक्का असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, वेदनाशामक आधी देऊन. सायलेन्सरच्या चटक्यावर बर्फ घासायचा नाही. गार पाणी, भाजलेल्या जागेपुरतं, वीस मिनिटांपर्यंत, जखमी कुडकुडू लागला तर त्याआधीच थांबायचं.

१४ डिसेंबर: संपर्क

गटात दोन उपग्रह संदेश उपकरणं, दोन वेगळ्या अंगांवर, आणि एक ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (हिमस्खलनाच्या बीकनहून वेगळा) राखीव. हा बीकन उपग्रहामार्फत फक्त संकटाची हाक मारतो, त्यावर बोलणं होत नाही. संदेश उपकरणावर मदत पथक प्रश्न विचारू शकतं, म्हणून पहिली पसंती त्याला. दाट झाडीत आणि अरुंद घळीत सिग्नल अडकतो. उघड्या आकाशाखाली ठेवून दहा मिनिटं हलवायचं नाही. बॅटरी आतल्या खिशात.

संदेशाचा साचा कार्डावर लिहिला: ठिकाण दशांश अंशांत. जखमी किती. काय झालं. शुद्ध, श्वास, रक्तस्राव. काय केलं आणि किती वाजता. गटात किती माणसं, निवारा आहे का. हवा, वारा, दिसण्याचं अंतर. जमिनीवरून कसं पोचता येईल. 'लवकर या' यात काहीही माहिती नाही. 'मांडी मोडली, शुद्धीवर, १३:२० ला गुंडाळी पूर्ण, पाच जण ठीक, स्टोव्ह आहे, वारा कमी, सहा तास तग धरू' यावर पथक निर्णय घेऊ शकतं.

२१ डिसेंबर: हलवणं

आधी संदेश, मग गुंडाळी, मग हलवायचं की नाही याचा विचार. हा क्रम बदलायचा नाही. चालकामागे बसवून न्यायचं ते फक्त हाताची किंवा खांद्याची इजा असलेल्या, पूर्ण शुद्धीवरच्या जखमीला. उणे १५ अंशांत ताशी ३० किलोमीटरने नेलं तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २६ अंशांसारखी लागते, त्यामुळे छोट्या अंतरासाठीही चेहरा पूर्ण झाकलेला.

बाकीच्यांसाठी गुंडाळीसकट ओढायची प्लास्टिक घसरगाडी, कडक दांड्यांनी जोडलेली. दोरीने जोडलेली घसरगाडी उतारावर पुढच्या गाडीवर येऊन आदळते. वाट आधी रिकाम्या गाडीने तीन-चार वेळा तुडवून अर्धा तास सोडायची. तुडवलेला बर्फ बसून कडक होतो आणि घसरगाडी बुडत नाही. वेग चालण्याइतका, शेजारी एक जण जखमीचा चेहरा पाहत.

हेलिकॉप्टरसाठी साधारण ३० बाय ३० मीटरची सपाट, मोकळी जागा गाड्या फिरवून तुडवायची, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने उडालेल्या बर्फात वैमानिकाला काही दिसत नाही. हेल्मेट, चटया, ताडपत्री सगळं बांधून किंवा वजनाखाली. चालक दलाने खूण केल्याशिवाय जवळ नाही, आणि उताराच्या वरच्या बाजूने कधीच नाही.

५ जानेवारी: देखभाल

प्रत्येक फेरीनंतर पिशव्या उघडून घरात वाळवायच्या, स्लीपिंग बॅग दाबून न ठेवता लटकवायची. वापरलेली वस्तू त्याच रात्री बदलायची. गॉज, सील आणि औषधांच्या मुदती एका कार्डावर, सर्वांत जवळची तारीख वर. रासायनिक पॅडची पाकिटं दाबून पाहायची. आत गुठळी लागली तर हवा शिरली आहे, टाकायचं. बीकनमध्ये उत्पादकाने सांगितलेल्याच प्रकारचे सेल, हंगाम संपल्यावर काढून ठेवायचे.

बाकी राहिलेलं: दोन माणसांच्या गुंडाळीचा सराव अंधारात, हेडलॅम्पवर, वाऱ्यात. दोन स्वारांच्या हेल्मेट कार्डांवर औषधांची नोंद अपुरी आहे, ती पूर्ण होईपर्यंत ते दोघे गटात निघणार नाहीत. घसरगाडीच्या जोडणीचा एक बोल्ट हादऱ्यांनी सैल होतो, तिथे नायलॉनचा लॉकनट बसवून पुढच्या नोंदीत तपासणी.